आधी शमीम, मग मी

शमीमवर मी जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मैत्रिणीचं कौतुक करायला बसले आहे असं कुणाला वाटायला नको. कौतुक करणारे गावात भरपूर आहेत. पिंपळगाव राजाच्या बाजारात शमीम सिस्टरचं नुसतं नाव घ्या, कुणीतरी बोलावून चहा पाजेल. माझं नाव घ्या, विचारतील, कोण, त्या लसीची सुई टोचणाऱ्या बाई का. दोघींनी एकाच सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षं नर्स म्हणून काम केलं, एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली. तरी हे असं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण माझी लेक, एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली. मनात काहीतरी घेऊन आली. आणि ते तिनं मला सांगितलं नाही, शमीमला सांगितलं. आई मी, नर्स मी, ज्या घरात ती झोपत होती ते घर माझं, आणि सांगितलं शमीमला. ती मला कधी सांगेल, सांगेल तरी की नाही, या एकाच गोष्टीत माझा जीव अडकून होता. हे सगळं लेकीला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, लिही, फक्त माझं नाव बदल आणि शमीममावशीला चांगली मोठी करून लिही. नाव बदललं आहे, इथं तिला स्वाती म्हणते. मावशीला मोठी करणं मात्र जमेल तेवढंच जमेल.

शमीम मणियाराच्या घरची. तिचे अब्बा बांगड्यांची पेटी सायकलला बांधून लग्नसराईत वडनेर भोलजीपासून पार उंद्रीपर्यंत फिरायचे. घरी अम्मी बायकांना बांगड्या भरायची. काचेची बांगडी भरायची तर हात हातात घ्यावा लागतो. साबणाचं पाणी लावायचं, अंगठ्याखालचं हाड हळूहळू दाबून आत घ्यायचं, चारी बोटं जुळवायची, आणि हे चालू असताना बाईला बोलण्यात गुंतवायचं, कारण तिनं हात ताठ केला की काच गेलीच. बाईची नजर बांगडीवर, भरणारीचीही बांगडीवर. कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही. अशा वेळी बायका काय काय बोलून जातात ते शमीम अम्मीच्या मांडीला टेकून ऐकत मोठी झाली. बांगड्या भरून झाल्या की वयानं मोठी असलेली पाटलीणसुद्धा अम्मीला वाकून नमस्कार करायची. आमच्याकडे ती रीतच आहे.

आता दवाखान्यातलं सांगते. गरोदर बाईची एचआयव्हीची तपासणी करायची तर बोटाला टोचून रक्त घ्यावं लागतं, आणि त्याच्या आधी व नंतर तिच्याशी नीट बोलावं लागतं. हे बोलायचं काम माझं होतं. त्यासाठी नागपूरला प्रशिक्षण झालं. शमीमही होती, पण ती मागच्या बाकावर झोपली होती. मी सगळं लक्ष देऊन शिकले. बाईला खुर्ची द्या, दार लोटून घ्या, तिच्या डोळ्यांत पाहून आपुलकीनं विचारा. मी तसंच करायची. बाई पदर पुढे ओढायची, भिंतीवरच्या पालीकडे बघायची आणि म्हणायची, सगळं बरं हाय बाई. मग तीच बाई पलीकडच्या टेबलावर शमीमकडे रक्त द्यायला जायची. शमीम तिचा हात हातात घ्यायची आणि टोचायचं सोडून बांगडी भरावी तसा दाबत बसायची. भेंडी काय भावानं गेली, तुमच्याकडची बोअर आटली का, असलं काहीतरी बोलायची. थोड्या वेळानं पलीकडून मुसमुसणं ऐकू यायचं. मी इकडे रिकाम्या खुर्चीसमोर बसलेली.

"पहिले हात, मग बात," शमीम मला नंतर सांगायची आणि एक डोळा मिटायची. तो मिटलेला डोळा मला अजूनही सहन होत नाही.

साधीभोळी वगैरे ती मुळीच नव्हती. कामावर रोज उशिरा यायची आणि तिच्याआधी तिचं अत्तर यायचं. बाळंतपणाची वेळ आली तरी आधी काजळ नीट करायची. येणारं लेकरू पहिलं तोंड माझं पाहणार हाय, म्हणायची. माझ्या डब्यातली भरली वांगी न विचारता खायची आणि तेल जास्त झालं म्हणून सांगायची. दिवसाचा अहवाल कधी लिहिला नाही, तो मी लिहायची. दुसऱ्याची छत्री नेली की परत आणणं तिला माहीतच नव्हतं. लग्न झालं होतं आणि मोडलं होतं, पोरबाळ नव्हतं. नवऱ्यानं तिला सोडलं की तिनं नवऱ्याला, हे ती ऐकणारा बघून सांगायची. डॉक्टरसाहेबांनासुद्धा एकदा घाईत 'काऊन बे', म्हणजे 'का रे', म्हणाली होती. ते हसले. मी म्हटलं असतं तर मेमो मिळाला असता.

सासवांचा बंदोबस्त तिच्याइतका कुणालाच जमला नाही. आमच्याकडे सून एकटी दवाखान्यात येत नाही, सासू बरोबर असते, आणि सुनेला काय होतंय हे सासूच सांगते. तिला बाहेर थांबा म्हटलं की ती खुर्ची घट्ट धरून बसते. शमीमनं दवाखान्यात एक सूप आणि पिशवीभर ज्वारी आणून ठेवली होती. सासू दिसली की ती ज्वारी काढायची. माय, तुमची नजर साफ हाय, या आजकालच्या पोरींले खडा दिसत नाही, एवढी निवडून देता का, असं म्हटलं की सासू सूप घेऊन फुगल्या छातीनं व्हरांड्यात जायची. आत सुनेचं बोलणं व्हायचं. ती ज्वारी कधी कुणी दळली नाही. वर्षानुवर्षं तीच ज्वारी होती, आणि संध्याकाळी शमीम तिच्यात मूठभर खडे पुन्हा मिसळून ठेवायची.

मग ती जाहिरात आली. परदेशातली एक मदत-संस्था युद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या भागांत बायकांसाठी दवाखाने चालवत होती. बाळंतपणं, बळजबरी झालेल्या बायकांवर उपचार, एचआयव्हीची तपासणी आणि गोळ्या, असं काम. त्यांना दाई-नर्स हव्या होत्या. आम्ही दोघीही कंत्राटावर, दोघींनी अर्ज केला. अर्ज दोन्ही मीच भरले. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते घरात कुणाला माहीत नव्हतं. जन्म खामगाव तालुक्यात गेला, विमान मी फक्त खालून पाहिलेलं. इंग्रजी माझं तिच्यापेक्षा चांगलं, काम माझं तिच्यापेक्षा नीटनेटकं. आरशासमोर उभी राहून मी उत्तरं पाठ केली.

मुलाखत माझ्याच मोबाइलवर झाली, कारण शमीमच्या मोबाइलची काच फुटलेली होती. आधी मी बोलले. पलीकडच्या बाईंनी विचारलं, एखादी मुलगी येते आणि काहीच बोलत नाही, तर तुम्ही तिला काय विचाराल. मी तिला काय काय विचारीन ते सगळं क्रमानं सांगितलं. बाई छान म्हणाल्या. मग शमीमनं मोबाइल घेतला, तोडक्यामोडक्या इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि आपलाच एक हात दुसऱ्या हातात धरून कॅमेऱ्यासमोर दाबून दाखवू लागली. पलीकडून हसण्याचा आवाज आला. मला तेव्हाच कळलं. निवडीचा निरोपही माझ्याच मोबाइलवर आला आणि मीच तो तिला वाचून दाखवला. तिनं मला मिठी मारली. मी तिची पाठ थोपटली, कारण दुसरं काय करणार.

ती दक्षिण सुदानला गेली. जाताना ठेच्याची बरणी, काजळाच्या डब्या आणि माझी छत्री घेऊन गेली. पुढे त्या संस्थेच्या मासिकात तिचा फोटो छापून आला. तंबूसमोर शमीम उभी, दात दिसतायत, आणि डोक्यावर माझी काळी छत्री. दांड्याला मी ओळखीसाठी बांधलेला लाल दोरासुद्धा दिसत होता. डॉक्टरसाहेबांनी तो फोटो भिंतीला लावला. माझी छत्री आफ्रिकेत पोचली आणि मी तिच्या फोटोखाली बसून लसीचे डबे मोजत होते.

तिथलं सगळं ती आवाजी निरोप पाठवून कळवायची आणि सुट्टीवर आली की त्याच गोष्टी मीठमसाला लावून पुन्हा सांगायची. लढाई थांबली होती, निदान तसा करार झाला होता. पण बंदुका लोकांच्या हातात होत्या आणि सरपणाला गेलेल्या बायका धड परत येतील याची खात्री नव्हती. संस्थेची खोकी विमानातून उतरायची. स्वच्छ बाळंतपणाचं सामान होतं, तपासणीचं होतं, निरोध होते. बळजबरी झालेल्या बाईला एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या होत्या. त्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, तरच उपयोग. सगळं होतं, फक्त तंबू रिकामा. त्या तंबूत जाणारी बाई सगळ्या छावणीला दिसायची, म्हणून कुणी जात नव्हतं.

शमीमनं तंबू सोडला आणि बाहेर झाडाखाली साबणाची वडी आणि पाण्याचं घमेलं घेऊन बसली. बांगड्या न्यायला तिला बंदी होती, काच दवाखान्यात चालत नाही. तिनं नुसते हात धुऊन द्यायला आणि दाबून द्यायला सुरुवात केली. भाषा येत नव्हती, पण दवा तिथंही दवाच, साबून तिथंही साबूनच. एवढ्या शब्दांच्या जोरावर आपण आठवड्यात अरबी शिकलो असं ती गावभर सांगत होती. आधी पोरी आल्या, मग त्यांच्या आया. मदतीला दुभाषी बाई होती, तिलाही तिनं हात दाबायला शिकवलं. महिन्याभरात झाडाखाली रांग लागायला लागली आणि रांगेतली कोण हात धुवायला आली आहे आणि कोण तपासणीला, हे बघणाऱ्याला कळेना. हे तिला सुचलं आणि मला सुचलं नसतं, हे मी मान्य करते. आनंदानं करत नाही.

पण तिची फजितीही तिथंच झाली, आणि ती तिनं फक्त मला सांगितली. एक म्हातारी आणि एक तरुण पोरगी अशा दोघी आल्या. आपली माणसं काय समजतील? सासू आणि सून. शमीमही तेच समजली. मदतीच्या पोत्यांतून ज्वारी येतच होती, तिकडे खातातही ज्वारीच. तिनं सूपभर ज्वारी म्हातारीच्या हातात दिली, दुभाषीकडून नजरेचं कौतुक करवलं आणि पोरीला आत घेतलं. पोरीला काहीच झालं नव्हतं. ती नुसती मावशीच्या सोबतीला आली होती. हे कळेपर्यंत वेळ गेला, कारण पोरगी लाजून हसतच राहिली. बळजबरी झाली होती म्हातारीवर, सरपणाच्या वाटेवर. ती तेच सांगायला इतकं अंतर चालत आली होती. हातात सूप दिल्यावर तिनं मुकाट्यानं ज्वारी निवडली, स्वच्छ ढीग तंबूच्या तोंडाशी ठेवला आणि पोरीची वाटही न बघता निघून गेली.

शमीम दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन तिच्या वस्तीपर्यंत चालत गेली. मुदत संपत आली होती. म्हातारी दारात बसली होती. शमीम तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि हात पुढे केला. म्हातारीनं बराच वेळ हात दिला नाही, मग दिला. गोळ्या सुरू झाल्या.

"म्हातारीले कोनी काही विचारतच नाही, ताई," शमीम मला म्हणाली. "मीबी नाही विचारलं."

पुढे त्या बाईचं काय झालं असं मी विचारलं तर तिनं सांगितलं नाही. ते तिचं हाय, एवढंच म्हणाली. मला वाटलं, भाव खाते आहे.

तसंच एका बंदूकवाल्याचं. छावणीतल्या कुठल्याशा टोळीचा म्होरक्या एक दिवस झाडाखाली येऊन उभा राहिला आणि कोणकोणत्या बायकांना रोग निघाला ते सांग म्हणाला. शमीमच्या म्हणण्याप्रमाणे तिनं त्याला समोर बसवलं, त्याचा हात साबणानं धुतला, बोटं दाबली आणि सुई काढून विचारलं, पहिले तुझं पाहू का. तो उठून गेला. हे ती सांगते. मी काही पाहायला गेले नव्हते, मला कुणी नेलं नव्हतं. तरी त्याच्या जागी आमचे गावातले दोनतीन जण बसवून मी ती गोष्ट मनातल्या मनात पुष्कळदा पाहिली आहे.

तर अशी ती लांब सुट्टीवर घरी आलेली, आणि त्याच दिवसांत स्वाती माहेरी आली, सातवा लागल्यावर. पोरगी उतरलेली होती. विचारलं की प्रवासानं म्हणायची. जावई आला नाही, विचारलं की सुट्टी नाही म्हणायची. तपासण्या पुण्यात झाल्यात, सगळं व्यवस्थित आहे, तू आता दवाखाना सुरू करू नको, असं म्हणून तिनं माझं तोंडच बंद केलं. मी नर्स. मला काय काय शंका येत नव्हत्या? नवरा मारतो. नवऱ्याचं बाहेर काही आहे. बाळात काही दोष आहे. आणखीही एक शंका यायची, तिला मी मनात बसू देत नव्हते.

शमीम स्वातीला भेटायला आली. लहानपणापासून स्वाती तिच्या अंगाखांद्यावर खेळलेली. दोघी पलंगावर बसल्या, मी खुर्ची ओढून समोर बसले. थोड्या वेळानं शमीम म्हणाली की ताई, तिकडं चहा म्हणून काय पाणी पितात, तुमच्या हातच्या अद्रकाच्या चहासाठी जीव तरसला. मी उठले. अद्रक संपलं होतं, शेजारी मागायला गेले. अद्रक किसता किसता माझा हात थांबला. मला ज्वारी दिली होती. ज्या युक्तीनं तिनं गावच्या सगळ्या सासवा व्हरांड्यात बसवल्या, त्याच युक्तीनं मला माझ्याच स्वयंपाकघरात बसवलं होतं.

चहा घेऊन गेले तेव्हा स्वातीचा हात शमीमच्या हातात होता आणि स्वातीचं नाक लाल झालं होतं. दोघी माझ्याकडे बघून हसल्या. चहा चांगला झाला होता, असं शमीम म्हणाली.

त्यानंतर ती रोज यायला लागली. स्वाती तिची वाट बघायची, रिक्षा थांबली की उठून बसायची. दोघी मिळून खामगावच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन यायच्या, मला चल म्हणायच्या नाहीत. मी घरी बसून डिंकाचे लाडू वळायची. तळहात दुखेपर्यंत वळायची. मला लेकीची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर काळजीहून जास्त जळफळाट होता. माझ्या पोटची पोर, आणि तिच्या पोटातलं दुसरीला माहीत.

शेवटी एकदा शमीमला पोचवायला म्हणून मी तिच्याबरोबर वेशीपर्यंत गेले आणि सरळ विचारलं, स्वातीला काय झालंय.  शमीम चालत राहिली.

"ते तिचं हाय, ताई. माह्यं असतं तर तुम्हाले कवाच देऊन टाकलं असतं."

मी म्हटलं, मी तिची आई आहे. ती म्हणाली, हाव. मी म्हटलं, उद्या तिला काही झालं तर? ती म्हणाली, होऊ देत नाही. मग मी पुष्कळ बोलले. इतक्या वर्षांचं सगळं बोलले, छत्रीपासून फोटोपर्यंत. शमीमनं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली की मी तिले रोज म्हणून राह्यली, आईले सांग, पण तिच्या तोंडातून तिच्याच येळेवर निघालं पायजे. मी रागानं परत फिरले. स्वातीला मात्र काही विचारलं नाही. का कोण जाणे, त्या दिवसापासून विचारायचं सोडलं. ती झोपली की जाऊन बघायची, उठली की जेवायला वाढायची.

शमीमची सुट्टी संपली. स्वातीचे दिवस भरत आले होते. जायच्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊनच आमच्याकडे आली. खामगावला जाणारी काळी-पिवळी जीप आमच्या दारावरून जाते, इथूनच बसते म्हणाली. काजळ, अत्तर, सगळं जागच्या जागी. स्वातीनं तिला आत बोलावलं. शमीम चपलासुद्धा न काढता दारातूनच म्हणाली, मी बाहेर ओट्यावर बसते, तू बोल. आणि जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली.

स्वातीनं मला पलंगावर बसवलं.

"आई, मले एचआयव्ही हाय," ती म्हणाली. "पहिल्या तपासणीतच निघालं. त्यालेबी हाय. गोळ्या तेव्हापासून चालू हायेत. आता बाळ झालं की त्यालेबी औषध पाजा लागते, एका घरात राहून तुह्यापासून लपवून कसं पाजू?"

 ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"तुले काऊन नाही सांगतलं म्हणशील, तर तू रडली असती. मंग मलेच तुले समजवत बसा लागलं असतं. तेवढी ताकद नव्हती मह्यात."

गोळ्या नियमित घेतल्या तर बाळ सुखरूप राहतं, हे वाक्य मी आयुष्यभर बायकांना सांगत आले. आज ते पुन्हा म्हणायची गरज नव्हती, ते शमीमनं तिला केव्हाच सांगितलं होतं. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून इथंच सांगते. नात आता घरभर पळते, शेवटच्या तपासणीतही ती स्वच्छ निघाली. स्वातीची तब्येत चांगली आहे. जावयाला मी काय बोलले ते लिहीत नाही.

पण त्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. पोरगी माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात काय होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. आता ही रडते का, हे ती बघत होती. मी विचारलं, गोळी कितीला घेतेस. रात्री जेवून, ती म्हणाली. मळमळतं का? पहिले होत होतं, आता नाही. मग आजपासून जेवण लवकर करू, मी म्हटलं, तुझ्या वडिलांना सवय लागेल. स्वातीनं श्वास सोडला आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली, लहानपणी व्हायची तशी. मी तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिले आणि डोळे उघडे ठेवून समोर पाहिलं.

समोर उघडं दार होतं आणि दारापलीकडे ओट्यावर शमीम. तिचे खांदे हलत होते. ओढणीचा बोळा तिनं तोंडावर दाबून धरला होता, तरी मधूनच आवाज येत होता. इतक्या वर्षांत, इतक्या बायकांची इतकी दुःखं ऐकताना मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. काळी-पिवळी येऊन थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. शमीम उठली, तोंड पुसलं, बाजूनं दिसलं तेवढ्यात काजळ गालभर झालं होतं, आणि मागे वळून न बघता बॅग घेऊन आत चढली.

मी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. रडायचा हक्क माझा होता. तोसुद्धा तीच घेऊन गेली.